भरतपूरच्या म्हशी

राजस्थानात भरतपूरला केवलादेव घना नावाचं पक्ष्यांचं उद्यान आहे. त्यात केवलादेवाच्या देवळाजवळ एक शिलालेख आहे. शिलालेख म्हटलं की आपल्याला दानपत्रं, गाढवाचा शाप, "यावच्चंद्रदिवाकरौ" वगैरे आठवतं. इथे तसलं काही नाही. हा चक्क एक तक्ता आहे. तारीख, पाहुणे कोण, बंदुका किती, पक्षी किती पडले. एक्सेल शीट दगडात कोरली तर कशी दिसेल, तसा. त्यात १२ नोव्हेंबर १९३८ ची एक ओळ आहे: व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसात!

आकडा वाचून चीड येते, पण मला त्याच्यापेक्षा जास्त गंमत वाटते ती ह्या तक्त्याची. मारणाऱ्यांनी नीट हिशेब ठेवला. वाचवणाऱ्यांनी मात्र बराच काळ ठेवला नाही. आणि एकदा, जवळजवळ योगायोगानेच, ठेवला तेव्हा त्यातून जे निघालं ते कोणालाच नको होतं. त्याची ही गोष्ट.

आधी थोडा इतिहास. घना म्हणजे दाट जंगल. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. मुळात ही एक खोलगट जागा, पावसाळ्यात पाणी साचणारी. अठराव्या शतकात राजा सूरजमलने अजान बांध घातला आणि पाण्याला शिस्त लावली. (हा तोच सूरजमल जाट, पानिपताच्या आधी भाऊसाहेबांशी न पटल्यामुळे बाजूला झालेला. १७६१ मध्ये पानिपताहून जीव घेऊन पळत आलेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा त्याच्याच राज्यात मिळाला. समशेरबहाद्दर जखमी अवस्थेत पोचला तो ह्याच मुलखात, आणि तिथेच गेला. असो, तो वेगळा विषय आहे.) पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी आत बंधारे आणि पाणी सोडायची दारं बांधली, पाणी हवं तिथे हवं तितकं ठेवण्याची सोय केली आणि गोऱ्या पाहुण्यांची सरबराई सुरू झाली.

म्हणजे लक्षात घ्या, आपण ज्याला 'नैसर्गिक' पाणथळ म्हणतो ते मुळात माणसाने बांधलेलं. आणि त्यात पहिल्यापासून आजूबाजूच्या गावांची गुरं चरत होती. राजाला बदकं हवी होती, गावकऱ्यांना चारा हवा होता, दोघांचं एकमेकांवाचून अडत नव्हतं. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो बदकं आणि हंस यायचे, पावसाळ्यात बाभळींवर चित्रबलाक आणि बगळ्यांच्या वसाहती भरायच्या, आणि खाली पाण्यात गळ्यापर्यंत बुडून म्हशी निवांत रवंथ करायच्या.

स्वातंत्र्यानंतर शिकार हळूहळू संपली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८१ मध्ये रामसर यादीत नाव गेलं, पाठोपाठ राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. एखाद्याच्या रेझ्युमेवर एकामागून एक सर्टिफिकेशन्स यावीत तसं झालं. पण राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य ह्यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. अभयारण्यात नियम घालून गुरं चारायला परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात कलम ३५ प्रमाणे गुरांना प्रवेशच नाही. बिलकुल नाही.

तेव्हा आत अडीच हजारांच्या आसपास गुरं चरत असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांच्यावर पूर्ण बंदी आली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिलं नव्हतं. ते गुरं घेऊन उद्यानावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मेले. पक्षी वाचवण्यासाठी माणसं मेली, असं सरळ लिहिलं की वाक्य भडक वाटतं. पण झालं ते तसंच झालं.

आता बंदीमागे कोणी दुष्ट लोक होते का? अजिबात नाही. सलीम अलींसारख्या माणसाचा तिला पाठिंबा होता. पक्ष्यांविषयी त्यांच्याइतकं भारतात कोणाला कळत होतं? आणि विचारही चुकीचा वाटावा असा नव्हता. गुरं गवत खातात, रोपं तुडवतात, रानातल्या जनावरांच्या तोंडचा घास काढतात, रोग आणतात. देशातल्या कित्येक जंगलांत हे डोळ्यांना दिसत होतं. मध्य प्रदेशात कान्हाला १९७० मध्ये बारशिंगे अवघे ६६ उरले होते. तिथे बाकीच्या उपायांबरोबर आतली गावं आणि गुरं हलवली, कुरणं मोकळी झाली आणि बारशिंगे शेकड्यांत गेले. मग जे कान्हाला चाललं ते भरतपूरला का चालणार नाही? आमच्याकडे प्रत्येक टीममध्ये असं बोलणारा एक जण असतोच: "मागच्या प्रोजेक्टला चाललं होतं ना, इथे पण टाका." आणि बहुतेक वेळा तो टीममधला सर्वांत अनुभवी माणूस असतो.

इथे नशिबाने एक गोष्ट झाली होती. बंदीच्या दोन वर्षं आधी, १९८० मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केवलादेवचा सविस्तर परिस्थितिकी अभ्यास सुरू केला होता. ही सोसायटी म्हणजे आपली मुंबईचीच, १८८३ पासूनची, लायन गेटसमोरचं हॉर्नबिल हाउस. सलीम अलींची कर्मभूमी. अभ्यासाला पैसा आला अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून, आणि तोसुद्धा पीएल-४८० च्या रुपयांतून! आमच्या आधीच्या पिढीला विचारा, रेशनवरचा तो अमेरिकन लाल गहू आणि मिलो अजून त्यांच्या तोंडात आहे. त्या गव्हाची आपण रुपयांत दिलेली किंमत इथेच पडून होती, तिचा एक वाटा फिरत फिरत पक्षी मोजायला लागला. आपल्या आई-वडिलांनी नाक मुरडत खाल्लेल्या पोळ्यांचं असं काही झालं असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तर व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी दहा वर्षं तिथे राहिले. पाण्याची खोली, पाणवनस्पती, मासे, पक्षी, घरटी, शिकारी पक्षी, सगळं मोजत गेले. १९९१ मध्ये अंतिम अहवाल आला. बंदीने उद्यानाचं भलं होईल अशीच साधारण अपेक्षा होती. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं की, गुरं बंद केल्यामुळे पाणथळीचं नुकसान झालं, पाणपक्ष्यांना, विशेषतः बदकं, हंस आणि वारकरी ह्यांना लागणारी जागा कमी झाली, आणि म्हशी मर्यादित संख्येने परत आत सोडाव्यात.

कारण होतं एक गवत. पास्पालम डिस्टिकम. कोकणातला आपला हरीक आहे ना, त्याचाच हा चुलतभाऊ. उथळ पाण्यात ह्याच्या लांबच लांब काड्या पसरतात, गाठीगाठीला मुळं फुटतात, आणि बघता बघता पाण्यावर गादी तयार होते. गाय पाण्याला जरा बिचकते, काठाकाठाने चरते. म्हैस तशी नाही. ती आत शिरते, पोटापर्यंत, गळ्यापर्यंत, आणि तिथलं गवत खाते, शिवाय पाय आपटत चिखल ढवळते. वर्षानुवर्षं हे गवत वाढायचं आणि म्हशी ते खायच्या. कोणाच्याच लक्षात न आलेली एक व्यवस्था चालू होती. बंदी आली, म्हशी गेल्या, आणि गवताला मोकळं रान मिळालं. पाण्याचे उघडे तुकडे आक्रसले. पोहायला, बुड्या मारायला बदकाला उघडं पाणी लागतं, त्याच्या जागी गवताचं मैदान झालं. मेलेलं गवत कुजून तळाशी बसायला लागलं, म्हणजे पाणथळ हळूहळू आणखी उथळ, आणि उथळ म्हणजे गवताला आणखी सोयीची. हे असं चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जुन्या सिस्टीममध्ये एखादा कुरूप प्रोसेस चालू असतो. कोणी लिहिला माहीत नाही, काय करतो माहीत नाही, सीपीयू खातो एवढं दिसतं. नवा माणूस येतो आणि स्वच्छतेच्या उत्साहात तो बंद करतो. तीन आठवड्यांनी डिस्क भरते आणि मग कळतं की जुन्या फायली तोच साफ करत होता. फरक एवढाच की आपण तो परत चालू करू शकतो.

आता एक प्रामाणिक शंका, जी मला हे सगळं वाचताना सारखी येत होती. बंदीमुळेच हे झालं कशावरून? बंदी सगळ्या उद्यानावर एका दिवशी लागू झाली. अर्धा भाग म्हशींना मोकळा, अर्धा बंद, असं काही ठेवलं नव्हतं की शेजारी शेजारी तुलना करता येईल. त्यात त्याच दशकात दुष्काळ पडला. पाणी कमी असलं की गवतही बदलतं, पक्षीही बदलतात. त्यामुळे विजयन ह्यांच्या अहवालाला प्रयोगशाळेतल्या प्रयोगाची खात्री नाही, आणि मायकल लुइस ह्या इतिहासकाराने ह्या प्रकरणात शास्त्र कुठे संपतं आणि वकिली कुठे सुरू होते ह्यावर २००३ मध्ये एक चांगला निबंध लिहिला आहे. तरीसुद्धा, हातात बंदीच्या आधीची दोन वर्षं होती, नंतरची आठ होती, आणि म्हैस-गवत-पाणी हा दुवा समजण्यासारखा होता. बंदी घालणाऱ्यांच्या हातात ह्यातलं काहीच नव्हतं. माझं मत विचाराल तर, अपुरा पुरावा आणि शून्य पुरावा ह्यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून अपुरा घेईन.

सायबेरियन क्रौंचांच्या बाबतीत मात्र जपून बोलायला हवं. घनाची खरी कीर्ती ह्या पांढऱ्याशुभ्र पाहुण्यांमुळे. १९६० च्या दशकात दोनशेच्या आसपास यायचे. १९९३ आणि १९९४ चे हिवाळे पूर्ण कोरडे गेले, १९९६ मध्ये चार दिसले, आणि २००२ मध्ये शेवटची जोडी. हे क्रौंच चिखलातले कंद उकरून खातात, आणि गवताची गादी झाली की कंद मिळणं अवघड होणार, हे पटतं. म्हणून काही जण क्रौंच जाण्याचं खापरही चराईबंदीवर फोडतात. पण त्यांची संख्या बंदीच्या कितीतरी आधीपासून घसरत होती, आणि वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात त्यांची शिकार व्हायची. आपल्या आवडत्या मुद्द्याला मदत करतोय म्हणून एखादा पुरावा फुगवायचा नसतो. नाहीतर बंदी घालणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

अहवालानंतर काय झालं? म्हशी परत आल्या नाहीत. कलम ३५ आडवं आलं. अभयारण्यच राहिलं असतं तर वन खात्याला 'इतक्या म्हशी, इतके महिने' असा नियम करता आला असता. दर्जा वाढला आणि हातातलं अवजार गेलं. मग गावकऱ्यांना परवाना काढून गवत कापून नेण्याची मुभा दिली. म्हणजे तेच गवत, त्याच गावच्या म्हशी, फक्त मधे बायकांच्या डोक्यावरचा भारा आला. आणि विळा काही गळ्याइतक्या पाण्यात पोचत नाही.

२००४ मध्ये तर पाण्याचंच भांडण पेटलं. गंभीर नदीवरच्या पांचना धरणाचं पाणी शेतीला की पक्ष्यांना? सरकारने शेतीला म्हटलं आणि घना कोरडा पडला. पुढे दुसरीकडून, चंबळेच्या योजनेतून आणि गोवर्धन नाल्यातून, पाणी आणावं लागलं. कोरड्या जागेत वेडी बाभूळ माजली होती, ती २००७ नंतर गावकऱ्यांच्या मदतीने मुळासकट उपटली आणि लाकूड त्यांनाच दिलं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्याच गावांशी हा व्यवहार झाला, हे मला विशेष वाटतं.

पण त्या दहा वर्षांच्या वह्या वाया गेल्या असं समजू नका. उलट त्यांचा खरा उपयोग कोणाच्याही ध्यानीमनी नसताना झाला. त्या अभ्यासात विभू प्रकाश नावाचे संशोधक शिकारी पक्षी मोजत होते. १९८७-८८ मध्ये घनात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. गिधाडं तेव्हा इतकी होती की ती मोजायला बसणं म्हणजे मुंबईत कावळे मोजण्यासारखं. १९९६ मध्ये ते परत मोजायला गेले तेव्हा १५० सापडली, आणि नंतर शून्य. जुना आकडा लिहिलेला नसता तर "हल्ली गिधाडं कमी दिसतात नाही?" एवढ्यावर विषय संपला असता. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत देशातली ह्या जातीची ९९.९ टक्के गिधाडं संपली. हजारातलं एक उरलं!

पुढची हकिगत तुलनेने माहितीतली आहे, म्हणून भरभर सांगतो. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क झाले. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवून दिलं की कारण डायक्लोफेनॅक. हो, तेच, जिममध्ये पाठ धरली की आपण घेतो ते दुखण्यावरचं औषध. गुरांना ते टोचत, गुरू मेलं की गिधाडं खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. त्याच वर्षी रिस ग्रीन ह्यांनी गणित मांडलं: मेलेल्या गुरांपैकी शंभरातल्या एकातही हे औषध नसलं, तरी एवढी घसरण व्हायला पुरतं. कारण एका मेलेल्या गुरावर गिधाडांची अख्खी पंगत बसते.

आणि इथे भरतपूरच्या चराईबंदीपेक्षा सगळं वेगळं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण "हे वापरू नका" म्हणण्याबरोबर "मग काय वापरायचं" ह्याचंही उत्तर तयार होतं. मेलॉक्सिकॅम. ते गिधाडांना देऊन बघितलं, सुरक्षित निघालं, मग सुचवलं. पशुपालकाला आपल्या आजारी गायीसाठी काहीतरी हवंच होतं, ते मिळालं. म्हशीवाल्यांना १९८२ मध्ये असं काय दिलं होतं?

शिवाय बंदी लागू झाली की नाही हे राजपत्र वाचून ठरवलं नाही. देशभरातल्या मेलेल्या गुरांच्या यकृतांचे नमुने गोळा केले. (हे काम करणाऱ्यांना माझा दंडवत. मला मे महिन्यात ऑफिसच्या फ्रिजमधला डबा उघडवत नाही.) बंदीच्या सुमारास साधारण ११ टक्के नमुन्यांत डायक्लोफेनॅक होतं, बंदी आल्यावर लगेच जवळजवळ काहीच फरक नाही, आणखी वर्षभराने साडेसहा टक्के. कमी झालं, पण ग्रीन ह्यांच्या गणिताप्रमाणे अजून भरपूर जास्त. कुठून येत होतं? माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनलाही ३ मिलीची मर्यादा घातली.

ब्रिटनमध्ये विल्यम सदरलँड ह्या प्राध्यापकाने २००४ मध्येच, पूर्व इंग्लंडच्या ब्रॉड्स नावाच्या पाणथळीत काम करणाऱ्या व्यवस्थापकांना विचारलं होतं, की तुम्ही जे उपाय करता ते कशाच्या आधारावर? बहुतेक उत्तरं होती 'सर्वसाधारण अक्कल', 'माझा अनुभव' आणि 'दुसऱ्या व्यवस्थापकाला विचारलं'. शास्त्रीय निबंध वाचून केलेले उपाय शंभरात दोन-तीन. तेव्हापासून तो गट जगभरातल्या अशा उपायांच्या चाचण्या गोळा करून, कुठला चालला आणि कुठला नाही, हे सगळ्यांसाठी खुलं ठेवतो. मला त्यातल्या 'नाही'वाल्या नोंदी वाचायला जास्त आवडतात. इंग्लंडमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या वटवाघळांनी उंचावरून जावं म्हणून खांबांमधून तारा ताणल्या होत्या. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी बसून मोजलं, तर बहुतेक वटवाघळं आपल्या जुन्याच वाटेने, गाड्यांच्या उंचीवरून जात होती. तारांवर खर्च झालेला, कागदोपत्री उपाय पूर्ण.

आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत अजून एक पाऊल पडलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर बंदी आणली. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे दाखवणारा शोधनिबंध २००९ च्या अखेरीचा आहे. बांगलादेशाने ते २०२१ मध्येच देशभर बंद केलं होतं.